शुश्रूषेची वर्षे आणि पुढची वाट

घरातील आजारी, वृद्ध अथवा अपंग माणसाची शुश्रूषा हे काम आपल्या समाजात फार जुने आहे. परंतु त्याचा इतिहास क्वचितच लिहिला गेला आहे. लढायांचा इतिहास सापडतो, संस्थानांचा सापडतो, गिरण्यांचा आणि आगगाडीचाही सापडतो. पण सासूबाई अर्धांगवायूने सहा वर्षे अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांचे सारे कोणी केले, त्यासाठी शाळेतील नोकरी कोणी सोडली, आणि सासूबाई गेल्यानंतर त्या बाईचे पुढे काय झाले, हे घरातल्या चार माणसांच्या आठवणीपलीकडे कोठे नोंदलेले नसते. वाचक भगिनींपैकी अनेकींना हा प्रश्न पुस्तकातून समजावून घेण्याची गरज नाही. त्यांनी तो स्वतःच्या घरात पाहिलेला आहे.

शुश्रूषा चालू असताना बाईला विचार करावयास फुरसत नसते. औषधाच्या वेळा, पथ्याचे जेवण, कपडे, डॉक्टरकडच्या खेपा यांत दिवस मावळतो. खरा प्रश्न उभा राहतो तो शुश्रूषा संपल्यावर. तेराव्याला आलेली माणसे आपापल्या गावी परततात, घर एकदम रिकामे होते आणि पंचेचाळीस-पन्नास वर्षांची ती बाई विचार करू लागते की, आता आपण काय करावयाचे? जुनी जागा भरली गेलेली असते. कामाची रीत बदललेली असते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे, मला आता हे जमणार नाही, असे तिच्या मनाने घेतलेले असते. घरात पैशाची गरज असली तर हा प्रश्न पोटाचा होतो, आणि नसली तरी उरलेल्या आयुष्याचा असतोच.

अशा स्त्रीला पुन्हा कामाकडे नेण्याचे प्रयत्न आजकालचे आहेत असा समज आहे. तो बरोबर नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी तीन ठिकाणी हाताळला गेला : प्रथम पुण्यात, नंतर मद्रास व दिल्ली येथे, आणि त्यानंतर इंग्लंडात. प्रत्येक ठिकाणी त्याचा एकेक भाग सुटला. या तिन्हींचा एकत्र विचार केला म्हणजे आपल्यासारख्या मंडळाने काय करावे, याचाही थोडा उलगडा होईल.

प्रथम पुण्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र कुटुंबातील शुश्रूषेचा मोठा भार कोणावर असे? बहुधा घरातील विधवेवर. ती नणंद असो, जाऊ असो, आत्या असो. बाळंतपणे, आजारपणे, म्हाताऱ्यांचे करणे हे तिच्याकडे आपोआप येई. तिला घरात दोन वेळचे जेवण होते, पण हक्काचे असे काहीच नव्हते. ज्या माणसाची सेवा केली ते माणूस गेले की, पुष्कळदा तिचा त्या घरातील आधारही जाई. तेव्हा विधवांसाठी ज्या संस्था निघाल्या त्यांच्याकडे केवळ विधवांचा प्रश्न म्हणून न पाहता, घरात फुकट राबलेल्या हातांना स्वतःच्या कमाईचे काम कसे मिळावे, या दृष्टीनेही पाहता येईल.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. तेथे शिकून पुढे आश्रमाच्याच कामाला वाहून घेणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले यांचे नाव ठळक आहे. लहान मुलगा पदरी असताना वैधव्य आले, आणि ज्या वयात बायका सुना आणण्याच्या गोष्टी करीत त्या वयाकडे झुकत असताना त्या अभ्यासाला बसल्या. पुढे आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, आणि इंग्रजी शिकण्यासाठी १९१८ साली अमेरिकेपर्यंत गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून आपला निर्वाह चालविला. आयुष्याची मधली वर्षे निराळ्या कामात गेली म्हणून शिकण्याची दारे बंद होतात, हा समज त्यांच्या उदाहरणाने तेव्हाच खोटा ठरला होता.

परंतु आश्रमात राहावयास जाणे प्रत्येकीला शक्य नव्हते. जिचे घर आहे, घरात माणसे आहेत आणि त्यांचे करणे सुटत नाही, अशा स्त्रीचे काय? या प्रश्नाला हात घातला तो पुणे सेवासदनाने. मुंबईत बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या प्रयत्नाने १९०८ साली सेवासदन निघाले होते व रमाबाई रानडे त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. पुढील वर्षी, म्हणजे १९०९ साली, रमाबाईंनी व भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्याचे सेवासदन सुरू केले. न्यायमूर्तींच्या वाड्यात या कामाचा आरंभ झाला. ही गोष्ट लहान नव्हे. अनोळखी इमारतीत सुनेला पाठविण्यास जे घर तयार झाले नसते, ते रानड्यांच्या वाड्यात पाठविण्यास तयार होऊ शकत होते. त्या काळी संस्थेच्या नावापेक्षा तिच्या दारात कोण उभे आहे, याला अधिक मोल होते.

सेवासदनाने प्रौढ स्त्रियांसाठी निराळे वर्ग चालविले. पंचविशी ओलांडलेल्या बाईला सात वर्षांच्या मुलींच्या बाकावर बसविले तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही, हे चालकांनी ओळखले होते. शिवण, लेखन-वाचन, शिक्षिकेचे शिक्षण अशा शाखा हळूहळू वाढत गेल्या. त्यांतली आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची शाखा परिचारिकांची होय. पुण्याच्या ससून इस्पितळात शिकणाऱ्या परिचारिकांसाठी व वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी संस्थेने वसतिगृहे चालविली. परिचारिकेचे काम पांढरपेशा हिंदू घरांत तेव्हा हलके मानले जाई. परक्या माणसाला स्पर्श, रक्त, मलमूत्र, रात्रपाळी. एवढे ऐकूनच घरचे लोक हात जोडीत. आणि त्याच घरात तीच बाई सासऱ्याचे मलमूत्र वर्षानुवर्षे काढीत असे! घरात केले तर ते कर्तव्य, इस्पितळात वेतन घेऊन केले तर कमीपणा, हा विचित्र न्याय होता. तो मोडून काढावयास व्याख्याने फारशी उपयोगी पडली नसती. एकेक घर, एकेक बाई अशाच रीतीने तो मोडावा लागला.

त्या काळची लोकस्थिती कशी होती हे समजण्यास रमाबाईंच्या चरित्रातील एक प्रसंग पुरेसा आहे. सेवासदनाच्या समारंभात एक सोवळी विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली असता, सज्जात बसलेल्या विद्यार्थ्यांनी तिची टवाळी केली. शिकलेले तरुण असे वागले हे पाहून रमाबाई संतापाने उठल्या आणि भर सभेत त्यांनी त्या तरुणांची कानउघाडणी केली. बक्षिसाला आलेल्या त्या बाईला शिक्षणाची जितकी गरज होती, तितकीच आपल्या पाठीशी कोणी उभे आहे या भरवशाचीही होती. आज ज्याला आपण समुपदेशन म्हणतो तो शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. काम मात्र हेच होते.

हे काम रमाबाईंना साधले, याचे एक कारण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होते. अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्यावर माधवरावांनी त्यांना शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्याला कडवा विरोध होता. नवरा शिकवितो आणि घरातील बायका बोलतात, या कात्रीत त्यांनी पुष्कळ वर्षे काढली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हे सर्व मोकळेपणाने लिहिले आहे. त्यामुळे घराशी भांडून बाहेर पडा, असा उपदेश त्यांनी कधी केला नाही. घरातील वडील बाईची समजूत पटली तर सुनेचे पाऊल बाहेर पडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले तोवर सेवासदनात शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या हजाराच्या घरात गेलेली होती.

असे असूनही एक मोठी अडचण राहिलीच. प्रौढ वयात शिकावयास बसलेल्या बाईजवळ वेळ थोडा असतो. पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत दहा-अकरा वर्षे ती शाळेत जाणार कशी? शुश्रूषेत गेलेली वर्षे तर परत येत नाहीत. मग शिक्षणाचाच काळ आखडता घ्यावा लागतो. ही युक्ती सर्व देशभर नेण्याचे श्रेय दुर्गाबाई देशमुख यांचे आहे. महाराष्ट्रात त्यांची ओळख पुष्कळांना चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून आहे. पण हा विवाह १९५३ साली झाला, आणि त्यापूर्वीच घटना समितीच्या सभासद, वकील व समाजसेविका म्हणून दुर्गाबाई देशाला माहीत होत्या.

त्यांचा जन्म आंध्रातील राजमहेंद्री येथे १९०९ सालचा, म्हणजे पुणे सेवासदन निघाले त्याच वर्षीचा. बालपणीच विवाह झाला. मोठेपणी तो त्यांनी विचारपूर्वक मोडला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या. शाळेचे सरळ शिक्षण झालेले नसताना, सुटून आल्यावर त्यांनी बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिकची परीक्षा प्रौढ वयात दिली आणि पुढे पदवी व वकिलीपर्यंत मजल मारली. आपल्याला जे साधले ते इतर स्त्रियांना का साधू नये, या विचाराने मद्रासमध्ये त्यांनी स्त्रियांना त्याच बनारसच्या परीक्षेसाठी शिकविण्यास आरंभ केला. १९३७ साली निघालेल्या आंध्र महिला सभेचे हे एक मुख्य काम होते.

१९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या वेळी पंचवार्षिक योजना सुरू झाल्या होत्या. खेडोपाडी शिक्षिका हव्या होत्या, ग्रामसेविका हव्या होत्या, सुईणी व परिचारिका हव्या होत्या. परिचारिकांची टंचाई किती होती, याची कल्पना भोर समितीच्या १९४६ च्या अहवालावरून येते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा परिचारिका अवघ्या सुमारे ७,००० होत्या. म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक! अर्थात बाकीची सर्व शुश्रूषा घरातील बायकाच करीत होत्या. एकीकडे जागा रिकाम्या आणि दुसरीकडे काम करू इच्छिणाऱ्या असंख्य स्त्रिया. मध्ये अडसर होता तो केवळ परीक्षेच्या कागदाचा.

हा अडसर काढण्यासाठी मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केला. सुमारे दोन वर्षांत अभ्यास पुरा करून घेऊन विद्यार्थिनीस शाळेच्या परीक्षेला बसवावयाचे आणि तेथून तिने शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका अशा एखाद्या व्यवसायाच्या शिक्षणास जावयाचे, अशी ती आखणी होती. वर्ग चालविण्याचे काम ठिकठिकाणच्या स्वयंसेवी संस्थांकडे होते आणि मंडळ त्यांना अनुदान देई. अनेक महिला संस्थांनी ते चालविले. दहा वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत होतो कसा, अशी शंका प्रथम घेतली गेली. परंतु ज्या बाईने संसार चालविला आहे तिला हिशेब नव्याने शिकवावा लागत नाही, फक्त तो कागदावर मांडण्याची रीत शिकवावी लागते. ज्या बाईने मुले वाढविली आहेत तिला आरोग्यशास्त्राचे पुस्तक परके वाटत नाही. प्रौढ स्त्री कोरी पाटी घेऊन येत नाही, या साध्या गोष्टीवर ती सारी योजना उभी होती.

पुण्याने विश्वास दिला, दुर्गाबाईंच्या योजनेने गेलेली वर्षे भरून काढण्याचा मार्ग दाखविला. तरीसुद्धा एक गोष्ट दोन्हीकडे अस्पष्टच राहिली. आजाऱ्याची घरगुती शुश्रूषा हे स्वतःच एक काम आहे, ते करणारीचे त्यात नुकसान होते आणि त्या नुकसानीचा विचार समाजाने केला पाहिजे, हे उघडपणे म्हटले गेले ते इंग्लंडात. आपली कुटुंबपद्धती निराळी आणि त्यांची निराळी, हे खरे. पण तेथील प्रश्न आपल्या किती जवळचा होता ते पाहण्याजोगे आहे.

मेरी वेब्स्टर ही एक ख्रिस्ती धर्मोपदेशिका होती. वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा करण्यासाठी तिने १९५४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आपले काम सोडले. ती अविवाहित होती. अशा घरात अविवाहित मुलीनेच करावयाचे, हे तेथेही गृहीत धरलेले होते. जवळजवळ नऊ वर्षांच्या अनुभवानंतर १९६३ साली तिने वृत्तपत्रांना पत्रे लिहिली. अशा स्त्रिया आपल्याच घरात नजरकैदेत असल्याप्रमाणे जगतात, असा त्यांचा आशय होता. त्या पत्रांनी अनेक घरांतील मूक दुःखाला वाचा फुटली. माझीही हीच गोष्ट आहे, असे सांगणाऱ्या स्त्रियांची पत्रांवर पत्रे येऊ लागली. त्यातून १९६५ साली अविवाहित स्त्रिया व त्यांच्यावर अवलंबून असणारी माणसे यांच्यासाठी एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. मेरी वेब्स्टर १९६९ साली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारली. पण तिने लावलेले रोप वाढत गेले. आज ‘केअरर्स यूके’ या नावाने जी संस्था ओळखली जाते तिचे मूळ येथे आहे.

त्या परिषदेपुढील अडचण पैशाचीही होती. तेथील निवृत्तिवेतन नोकरीत भरलेल्या वर्गणीवर अवलंबून असे. दहा वर्षे आईची सेवा केली म्हणजे दहा वर्षांची वर्गणी बुडाली. शिवाय घर आईच्या नावावर भाड्याने असेल तर तिच्यानंतर डोक्यावरचे छप्परही धोक्यात! अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर १९७६ साली, आठवड्याला निदान ३५ तास अपंग माणसाची शुश्रूषा करणाऱ्यास सरकारी भत्ता मिळू लागला. १९७८ पासून शुश्रूषेच्या वर्षांमुळे निवृत्तिवेतनाचा हक्क बुडू नये अशीही व्यवस्था झाली.

परंतु या भत्त्यात एक मोठी गोम होती. तो पुरुषांना मिळे, अविवाहित स्त्रियांना मिळे. मात्र विवाहित स्त्रियांना मिळत नसे. कारण असे की, लग्न झालेली बाई नाही तरी घरीच असणार! हा युक्तिवाद आपल्या कानांना ओळखीचा वाटेल. जॅकेलिन ड्रेक नावाच्या विवाहित स्त्रीने आईची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडली होती. भत्ता नाकारला गेल्यावर तिने दाद मागितली आणि ते प्रकरण थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. १९८६ च्या जूनमध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, आणि विवाहित स्त्रियांनाही भत्ता खुला झाला. एका बाईने हट्ट धरला म्हणून असंख्य घरांतील काम प्रथमच काम म्हणून धरले गेले.

पुढे तेथे आणखी एक पाऊल पडले, ते आपल्या विषयाच्या गाभ्याचे आहे. २००४ च्या कायद्याने असे ठरविले की, शुश्रूषा करणाऱ्याच्या गरजांची पाहणी करताना तिला नोकरी करावयाची आहे काय, शिक्षण वा प्रशिक्षण घ्यावयाचे आहे काय, याचाही विचार झालाच पाहिजे. म्हणजे आजाऱ्याला काय हवे याबरोबर, त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला काय हवे, हेही विचारणे भाग झाले. २०२३ च्या कायद्यान्वये नोकरदारांना शुश्रूषेसाठी वर्षाकाठी एक आठवड्याची रजा मिळाली. ती बिनपगारी आहे. साठ वर्षांच्या खटपटीनंतर एक आठवडा! सुधारणा किती संथ चालते याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता आपल्याकडे पाहू. २०१९ साली झालेल्या वेळेच्या सरकारी पाहणीत असे दिसून आले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे. घरातील माणसांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांचा वेळ १३४ मिनिटे व पुरुषांचा ७६ मिनिटे भरला. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह करण्याचे बंधन मुलांवर घातले, हे योग्यच झाले. परंतु प्रत्यक्ष करणारी जी व्यक्ती, बहुधा सून अथवा मुलगी, तिचे पुढे काय, याबद्दल तो कायदा बोलत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतील स्त्रियांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळू लागली. पण अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी ती नव्हती.

तथापि सारे चित्र निराशेचे नाही. घरच्या जबाबदारीमुळे ज्यांचे काम सुटले अशा विज्ञान शिकलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने या शतकाच्या आरंभी एक योजना सुरू केली. तिच्या एका शाखेत स्त्रियांना पेटंटच्या कामाचे वर्षभराचे शिक्षण विद्यावेतनासह दिले गेले. हे काम कित्येकदा घरी बसूनही करता येते, हे विशेष. ज्या पुण्यात रमाबाईंनी प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालविले, तेथेच या शिक्षणाचेही एक केंद्र चालले. पदार्थविज्ञान शिकलेली बाई आणि ससूनमधील परिचारिका यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे. पण मधली वर्षे घरात गेलेल्या बाईला कामाच्या नव्या वाटेवर आणून सोडावयाचे, हे सूत्र एकच.

या सर्व इतिहासातून मला जे दिसते ते थोडक्यात असे. शुश्रूषेत गेलेली वर्षे वाया गेलेली नसतात; परंतु ती आपोआप कामासही येत नाहीत. त्यांना शिक्षणाची जोड द्यावी लागते, धीर देणारे माणूस लागते, आणि घरची सोय लागते. यांतील एक जरी उणे असले तरी बाई अर्ध्या वाटेवरून परत फिरते. नुसता शिवणवर्ग काढला आणि घरी आजाऱ्याजवळ बसावयास कोणी नसले, तर पहिल्या महिन्यात तीस असलेली संख्या तिसऱ्या महिन्यात आठावर येते. वर्ग चालविणाऱ्या भगिनी याची साक्ष देतील.

मोठ्या योजना सरकारने कराव्यात. परंतु या तिन्ही गोष्टींत गल्लीतील मंडळ करू शकेल असे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट आजाऱ्याजवळ बसण्याची. आठवड्यातून दोन दुपारी, दोन-दोन तास, आळीपाळीने दोघी-दोघींनी शेजारच्या घरी जाऊन बसणे, याला पैसा लागत नाही. ती बाई तेवढ्यात वर्गाला जाईल, बँकेत जाईल, नाही तर नुसती झोपेल; तेही तिच्या हक्काचे आहे. आणि येथे घरातील पुरुषांनाही सांगावयास हवे. आईला औषध देण्यास मुलगा असमर्थ असतो, असे कोणत्याही वैद्यकग्रंथात लिहिलेले नाही.

दुसरी गोष्ट माहितीची. दहावी राहिलेली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी रीतीने परीक्षा देता येते. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच आहे. हे कित्येकींना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना फॉर्म भरण्याची भीती वाटते. मंडळात महिन्यातून एक दिवस हे फॉर्म भरून देण्यासाठी कोणी बसले, तर ते एखाद्या व्याख्यानमालेपेक्षा कमी मोलाचे ठरणार नाही.

तिसरी गोष्ट धीराची. मला काहीच येत नाही, असे म्हणणाऱ्या बाईला कागद-पेन्सिल घेऊन बसवावे आणि गेल्या पाच वर्षांत तिने काय काय केले ते लिहून काढावयास सांगावे. मधुमेहाची सुई टोचली, रक्तदाब मोजला, इस्पितळाच्या बिलांचा व विम्याच्या कागदांचा पाठपुरावा केला, रात्रीची मावशी व दिवसाची मावशी यांच्या पाळ्या लावल्या, त्यांचा पगार चुकता केला, पथ्याचा स्वयंपाक वेळेवर केला. हा कागद पुरा झाला म्हणजे तो एखाद्या नोकरीच्या अर्जासारखा दिसू लागतो. कोणी रुग्णसाहाय्यकाचे शिक्षण घेईल, कोणी पथ्याचे डबे करील, कोणी इस्पितळाच्या कचेरीत काम पाहील. आणि जिला शुश्रूषेचे नावही नकोसे झाले असेल, तिला निराळे काही शोधू द्यावे. सेवा केली म्हणून जन्मभर सेवाच करावी, असे कोणी तिच्यावर लादू नये.

या निमित्ताने त्या मावशींचाही विचार मनात यावयास हवा. ब्युरोकडून जी बाई आपल्या घरी बारा तास आजाऱ्याजवळ बसते, तिच्या घरीही कोणी म्हातारे, कोणी आजारी असू शकते. आपली सुटका तिच्यामुळे होते. तिची कोण करणार? तिच्यासाठी वर्गाचे दार उघडे नसेल, तर आपले काम अपुरे राहिले असे समजावे. रमाबाईंनी ज्या स्त्रियांना हाताशी धरले त्या आपल्या काळातील निराधार स्त्रिया होत्या, हे विसरून चालणार नाही.

पुढील वर्धापनदिनाच्या अहवालात हळदीकुंकू, सहल व पाककृतींच्या स्पर्धेबरोबर आणखी एक ओळ असावी, अशी इच्छा आहे : यंदा अमुक घरी मंडळाच्या भगिनींनी दुपारच्या पाळ्या केल्या, आणि त्या घरची एक भगिनी परीक्षेला बसली. ती एक ओळ आली, तरी हे वर्ष सार्थकी लागले असे म्हणता येईल.